उदगीरला कुणी बसत नाही

मराठवाड्यात कशाला गेला होतात, असं पुण्यात कुणी विचारलं की त्यांना दोनच उत्तरं अपेक्षित असतात. एक तर कुणाचं तरी लग्न, नाही तर सरकारी बदली. मी एका क्रियापदासाठी गेले होते. हे सांगितल्यावर आमच्या सोसायटीतल्या बाईंनी ज्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं, ती नजर पुढचे पाच दिवस मला गावोगावी भेटत राहिली.

मी जर्मन शिकवते. तीस वर्षं पोरांना तिकडं नोकरी मिळावी म्हणून लिंगभेद आणि विभक्त्या घोटवून घेते आहे. या तीस वर्षांत युरोपातून मला पहिलं बोलावणं आलं ते ल्युडमिलाचं. ही बाई चेक, राहते ब्रनो शहरात, आणि एक जाडजूड पुस्तक संपादित करते आहे. विषय असा की दिसायला शब्द एकच, पण मुळं वेगळी आणि अर्थही वेगळे. उदाहरणार्थ, 'मोस्ट'. इंग्रजाला तो 'सर्वांत जास्त', चेक माणसाला 'पूल', आणि जर्मनाला फळांचा आंबूस रस. तिघांचं एकमेकांशी काहीही नातं नाही. 'रोक' म्हणजे पोलंडात वर्ष आणि हॉलंडात बायकांचा घागरा. 'बुर्रो' इटलीत पावाला लावतात आणि स्पेनमध्ये तो लाथा मारतो, कारण इटलीत ते लोणी आहे आणि स्पेनमध्ये गाढव.

या पुस्तकात भारतातलं एक प्रकरण हवं होतं आणि ते मी लिहिलं. माझा शब्द होता 'बस'. खाली बसणं हे मराठी 'बस' संस्कृतातून झिजत आलेलं. पुरे या अर्थाचं 'बस' फारसीतलं. रस्त्यावरची बस म्हणजे 'सर्वांसाठी' या अर्थाच्या एका लॅटिन शब्दाची नुसती शेपटी. फ्रान्समध्ये 'बा' असा उच्चार करून हीच अक्षरं लिहिली की 'खालचा', शिवाय पायमोजाही. हंगेरीत हा उच्चार चारचौघांत करू नये, इतकंच सांगते.

इथवर मी शहाणी होते. पुढं मी सिद्धांत मांडला.

माझी एक विद्यार्थिनी उदगीरची. वर्गात उशिरा आलेल्या मैत्रिणीला ती 'बस' म्हणायची नाही, 'टेक' म्हणायची. बसला 'यष्टी', आणि पुरे झालं की 'भरलं'. मी तिला घरच्या बायकांचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणायला सांगितलं. आजी, आई, दोन काकू आणि चुलतबहीण. पाचही जणींच्या तोंडी 'बस' एकदाही नाही. मला आनंदाचं भरतं आलं. फ्रान्सच्या नैऋत्येला एकदा कोंबडा आणि मांजर यांचा उच्चार एकच होऊन बसला, तेव्हा लोकांनी घोटाळा नको म्हणून कोंबड्याला चक्क पाद्रीबुवा म्हणायला सुरुवात केली. उदगीरला तेच घडलं, असं मी लिहिलं. कानडी, तेलुगू, उर्दू आणि मराठी जिथं एकमेकींच्या अंगणात येतात, तिथं 'बस'चे इतके अर्थ झाले की लोकांनी तो शब्दच टाकून दिला. पुरुषांचं बोलणं बाजाराच्या संपर्कानं बिघडतं म्हणून मी फक्त बायकांचं घेतलं, असंही ठसक्यात लिहिलं.

ल्युडमिलाला प्रकरण फार आवडलं. ब्रनोला येऊन ते वाचून दाखव, म्हणाली. फक्त एक प्रश्न विचारला: या पाच जणी किती घरांतल्या? मी उत्तर दिलं, तीन पिढ्यांतल्या. ती चेक आहे, बावळट नाही. तिनं पुन्हा लिहिलं की महिनाअखेरीपर्यंत आणखी काही घरांतली ध्वनिमुद्रणं पाठव, म्हणजे प्रकरण पक्कं, नाही तर वगळावं लागेल. म्हणून मी एक ध्वनिमुद्रणयंत्र, दोन वह्या आणि पुण्याचा सगळा आत्मविश्वास घेऊन निघाले.

नांदेड

नांदेडला सकाळी उतरले. स्टेशनबाहेर रिक्षावाला म्हणाला, 'बसा.' लॉजवरचा माणूस म्हणाला, 'बसा, खोली झाडून होतेय.' उर्दूचे एक निवृत्त शिक्षक मला माहिती देणार होते, त्यांच्या बेगमनी दार उघडलं आणि स्वच्छ मराठीत 'बसा ताई' म्हणाल्या. म्हणजे तासाभरात तीन वार.

सरांनी फारसी 'बस'वर मनापासून माहिती दिली आणि चहाबरोबर खारी बिस्किटं पुढं केली. मी त्यांना उदगीरचा सिद्धांत सांगितला. ते बराच वेळ बिस्किट चहात धरून बसले, ते तुटून खाली गेलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मग अदबीनं म्हणाले, 'मॅडम, हमारी ससुराल उदगीर है. उनो तो बैठते जी.'

मी वहीत लिहिलं, की नांदेड मोठं शहर आहे, मोठ्या शहरात बोली शुद्ध राहत नाही. नांदेड रद्द. सासुरवाडीसुद्धा रद्द, कारण जावयाशी लोक जपून बोलतात.

बिलोली

बिलोलीला तेलंगणाची हद्द हाताच्या अंतरावर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली रानं, मधूनच उभी तूर. इथं आपलं काम होणार, असं मला बसमध्येच वाटायला लागलं. मी ठरवून 'यष्टी' म्हणत होते. कंडक्टर मात्र 'बस' म्हणत होता, पण तो सरकारी नोकर, त्यामुळे तोही रद्द.

स्टँडबाहेर एक म्हातारी पेरू विकत होती. मी यंत्र काढून तिच्यापुढं उभी राहिले. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पोतं झटकून टाकलं आणि तेलुगूत 'कूसो बिड्डा' म्हणाली. बस बाळा. मला मराठी शब्द हवा होता, तिनं तेलुगू देऊन मला बाळ केलं आणि पाच पेरू गळ्यात मारले. पेरू उत्तम होते. सिद्धांतासाठी त्यांचा उपयोग नव्हता.

दुपारी एका खानावळीत ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी खाल्ली. पुण्यात अंबाडी मिळते ती आंबटपणाबद्दल आधी माफी मागून. इथली सरळ कानशिलापर्यंत जाते. बरोबरचा ठेचा मी कौतुकानं बोटभर घेतला आणि तिथून पुढं दीड तास मला उचकी लागली. याच दीड तासात मी तिथल्या चार बायकांच्या मुलाखती घेतल्या. बिलोलीच्या ध्वनिमुद्रणात माझी उचकी आणि मागं हसणाऱ्या चार बायका सोडून काहीही नाही. त्यातल्या एकीनं मला पाणी देताना 'आधी बसा बरं' म्हटलं होतं, ते उचकीत बुडालं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. बिलोली रद्द.

उदगीर

देगलूरला गाडी बदलून उदगीरला पोचले तेव्हा दुपार उलटली होती. रिक्षावाला म्हणाला, 'बसा.' मी त्याला विचारलं, तुम्ही मूळचे कुठले? पाच पिढ्या इथंच, म्हणाला. मी रिक्षात मुकाट बसले.

विद्यार्थिनीचं घर मोंढ्याच्या मागच्या गल्लीत. मोंढा म्हणजे धान्याचा बाजार. घर दुमजली, नवं बांधलेलं, जिन्यात तुरीच्या डाळीचा वास. पोरगी स्वतः पुण्यातच होती, पण तिची आई सविता दारात उभी होती. तिनं हसून म्हटलं, 'या मॅडम, टेका.'

मी तिला मिठीच मारणार होते. पाठोपाठ आजी आल्या, महानंदाबाई. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, आणि आवाज असा की अर्ध्या मोंढ्याला ऐकू जावा. त्याही म्हणाल्या, 'टेका की वो ताई, हुभ्या का?' दोन्ही काकूंनीही मला टेकवलं. मी दहा मिनिटांत चार वेळा टेकले. नांदेडचे सर, बिलोलीची खानावळ, पाच पिढ्यांचा रिक्षावाला, सगळ्यांचा मला त्या क्षणी विसर पडला.

पुढच्या खोलीत पलंगावर एक आजोबा होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि मुठीत तुरीचे चार दाणे, जे ते सारखे अंगठ्यानं चोळत होते. हे महानंदाबाईंचे पती. पन्नास वर्षं मोंढ्यात आडत, म्हणजे धान्याची दलाली केली, सविता सांगत होती, पण आता मामंजींना विसर पडतो, घरच्या माणसांनाही ओळखत नाहीत. मी त्यांना लिंगायत रीतीनं 'शरणार्थ' म्हणून नमस्कार केला आणि आत गेले. ते पुरुष होते, माझ्या कामाचे नव्हते.

जेवायला हुग्गी होती, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, वर तूप. पुण्यात पाहुण्याला वाढताना आपण आधी विचारतो आणि त्यानं नको म्हटल्याचा आनंद चेहऱ्यावर दिसू देत नाही. महानंदाबाई विचारत नव्हत्या. मी 'बस, बस' म्हणत राहिले आणि त्या वाढत राहिल्या. त्यांना हा शब्दच माहीत नाही, असा निष्कर्ष मी तिसऱ्या वाटीला काढला आणि चौथ्या वाटीला तो वहीत लिहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गल्लीतल्या बाकीच्या घरांत जायला निघाले होते. तेवढ्यात सविता धावत आली. पलंग रिकामा होता. दाराची कडी आतून काढलेली. तिचा नवरा कामासाठी लातूरला गेलेला, काकू रानात. घरात आम्ही तिघीच.

महानंदाबाईंनी चपला घातल्या. मोंढ्याकडं, एवढंच म्हणाल्या. हंगामाचे दिवस, सगळीकडे पोत्यांच्या थप्प्या, ट्रक, हमाल, धूळ. एकाच वेशातली म्हातारी माणसं दर दुकानाच्या पायरीवर. आम्ही तिघी तीन बाजूंना जायचं ठरलं. मी विचारलं, 'नाव काय सांगू लोकांना?'

महानंदाबाईंनी सविताकडं पाहिलं. सवितानं जमिनीकडं पाहिलं. माणूस हरवलाय, ट्रक मागं येतायत, आणि दोघी जणी तोंडात गुळणी धरून उभ्या. मला राग आला. मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, अहो नाव, त्यांचं नाव. शेवटी पाठीवर पोतं घेतलेला एक हमालच थांबला आणि म्हणाला, 'कोण, बसप्पा मालक हुडकून राहिलाव का?'

दोघींनी एकदम मान हलवली.

बसप्पा. कानडीतला बसव म्हणजे नंदी, आणि तो आला आहे वृषभावरून. ही व्युत्पत्ती मला पाठ होती. माझ्या प्रकरणात तळटीप क्रमांक सहा. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं घ्यायचं नाही, आणि नावाचा तुकडा दुसऱ्या शब्दात आला तर तो शब्दही ओठावर आणायचा नाही. म्हणून या घरातल्या बायका टेकतात, यष्टीनं जातात आणि भरलं म्हणतात. पोरींनी ते ऐकून उचललं. चार भाषांची टक्कर नाही, काही नाही. एका घरातल्या एका माणसाचं नाव. बरं, ध्वनिमुद्रणासाठी घेतलेल्या संमतीपत्रावर महानंदाबाईंच्या सहीच्या वर नातीच्या अक्षरात पूर्ण नाव लिहिलेलं होतं, बसप्पासकट. तो कागद वर्षभर माझ्या पिशवीत होता. मी त्यावरची फक्त सही पाहिली होती.

एक म्हातारा माणूस ट्रकांच्या गर्दीत सापडत नाही आणि मी तिथं उभी राहून एका प्रकरणाचं सुतक धरते आहे, हे ध्यानात यायला मला अंमळ वेळ लागला. त्याची लाज अजून वाटते.

हमालांनी हाका सुरू केल्या. बसप्पा मालक, वो बसप्पा मालक. एका आडतीच्या आवारात, सोयाबीनच्या थप्पीला लागून, ते आम्हाला पाठमोरे दिसले. उघड्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तूर पाहत होते. हमाल दोन हातांवरून ओरडत होते आणि ते वळत नव्हते. कुणा दुसऱ्याला बोलावणं चाललंय, अशी त्यांची मान. त्यांच्या डाव्या अंगाला वजनकाट्याकडं निघालेला ट्रक मागं येत होता.

महानंदाबाई धापा टाकत आल्या. ज्या आवाजाला अर्धा मोंढा पुरला नसता, तो आवाज त्यांनी लावलाच नाही. घरात भाजी निवडताना बोलावं तशा म्हणाल्या, 'अहो.'

मोंढ्यात नवरे कमी नव्हते. पण वळले ते एकटेच. बायकोकडं पाहिलं आणि बाजूला सरकून म्हणाले, 'आलीस? तूर वली हाय. घिऊ नगं.'

मी माझ्या नवऱ्याला पहिल्या दिवसापासून नावानं हाक मारते, चिडले की आडनावानं. ही माझी सुधारणा मी अनेक व्यासपीठांवर सांगितली आहे. त्या दुपारी मात्र मला ती कुणाला सांगावीशी वाटली नाही.

संध्याकाळी चहा घेताना मी महानंदाबाईंना खरं काय ते सांगितलं. की परदेशातल्या पुस्तकात मी लिहून ठेवलंय, उदगीरला कुणी बस म्हणत नाही. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग अचानक गंभीर झाल्या आणि विचारलं, 'मग आता तुमचं काम गेलं म्हना की?'

गेलं, मी म्हटलं. तीस वर्षांत एकदाच कुणीतरी बोलावलं होतं.

त्यांनी पेला खाली ठेवला. 'आमच्यापाई कशाला जाईल? ह्या गल्लीत धा बायका हायत. सकाळी बोलावते. तुमच्या यंत्रात समद्या टेका म्हनतील. आमचं काय जातंय?'

हे नको, असं मी ताबडतोब म्हणाले असेन, असा वाचकांचा समज असल्यास मी त्यांची आभारी आहे. मी उठून यंत्र चार्जिंगला लावलं. दहा बायका म्हणजे दहा घरं. ल्युडमिलाला घरंच हवी होती.

सकाळी आठ वाजता पुढची खोली भरली होती. नऊवारी, पाचवारी, गाऊनवर ओढणी, एकीच्या कडेवर मूल, एकीच्या हाताला कणीक. महानंदाबाईंनी त्यांची रांग लावली होती आणि बहुधा तालीमही घेतली होती. मी मध्यभागी यंत्र धरून उभी राहिले आणि बटण दाबलं. हेही लिहून ठेवते, की ते मीच दाबलं, कुणी माझा हात धरला नव्हता.

पहिली म्हणाली, टेका मॅडम. दुसरी म्हणाली, टेका. तिसरीनं चुकून 'बसा' म्हटलं, जीभ चावली आणि पुन्हा 'टेका' म्हणाली. महानंदाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. हा उपद्व्याप त्या कुणासाठी करत होत्या? दोन दिवसांपूर्वी दारात आलेल्या, त्यांच्या नवऱ्याकडं ढुंकूनही न पाहिलेल्या बाईसाठी. सातवीपर्यंत आलो तेव्हा माझी मान खाली गेली होती, तरी हात यंत्रावरच होता.

पलंगावरचे आजोबा इतका वेळ दाणे चोळत होते. त्यांनी मान वर केली. घरात बायका जमलेल्या, मधोमध एक परकी बाई ताटकळत उभी, आणि जी ती तिला टेका म्हणते पण जागा कुणीच देत नाही. आडतीवर आलेल्या माणसाला असं उभं ठेवण्याची त्यांची रीत नव्हती. ते पलंगाच्या एका कडेला सरकले, जागा हातानं झाडली आणि खणखणीत म्हणाले, 'अहो बाई, कवाच्या हुभ्या हाव. बसा की.'

घरच्यांपैकी त्या वेळी खोलीत हा शब्द उच्चारायची मुभा असलेला तो एकच माणूस. सविता तोंडाला पदर लावून आत गेली. महानंदाबाई आधी त्यांच्याकडं आणि मग माझ्याकडं पाहत राहिल्या, आणि हसल्या.

मी यंत्र बंद केलं आणि बसले.

लातूर

लातूरच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीला दोन तास होते. सवितानं दिलेले धपाटे खाल्ले आणि मोबाइलवर ल्युडमिलाला पत्र लिहिलं. पहिल्या दोन मसुद्यांत मी स्वतःला बऱ्यापैकी वाचवलं होतं, ते पुसले. तिसरा पाठवला.

'प्रिय ल्युडमिला, तू विचारलंस, घरं किती? एक. माझं प्रकरण काढून टाक. उदगीरला माणसं बसतात आणि दुसऱ्यालाही बसवतात. सोबत पुरावा म्हणून माझं शेवटचं ध्वनिमुद्रण जोडलं आहे. त्यात शेवटी बोलणारे गृहस्थ आपलं नाव विसरले आहेत.'